संत फिलोमिनेचा नांगर

अपोलिन गोष्ट सांगायला बसली की वाऱ्यानेसुद्धा आवाज करू नये अशी तिची अपेक्षा असे, आणि वारा बरेचदा ती पाळतही असे. दर रविवारी दुपारी, जेवणं आटोपली की गावातल्या क्रिस्तांव मुली चर्चच्या ओसरीवर जमत आणि अपोलिन त्यांना संत स्त्रियांची चरित्रं सांगे. यातली काही तिने जुन्या फादरांच्या पुस्तकातून घेतलेली, काही आजीच्या तोंडून ऐकलेली, आणि खरं सांगायचं तर काही सांगता सांगता सुचलेली.

संत कॅथरिनने पन्नास पंडितांना वादात गप्प केलं, तेव्हा त्या पंडितांच्या दाढ्या कशा थरथरल्या हे ती स्वतःची हनुवटी हलवून दाखवी. संत लुसीला बैलांच्या जोड्या लावूनही कोणाला जागची हलवता आली नाही. संत आगाथाने सुभेदाराच्या तोंडावर सांगितलं की तुझी मला पर्वा नाही. हे सांगताना अपोलिन उभी राही, कमरेवर हात ठेवी आणि मुलींना म्हणे, "या बायका राजाला भ्यायल्या नाहीत. आणि तुम्ही? शेजारणीच्या कोंबड्याला भिता." मुली हसत. अपोलिन मनातल्या मनात स्वतःला त्या संतिणींच्याच रांगेत कुठेतरी, जरा मागे का होईना, पण उभी करून टाकी.

गाव रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, डोंगर आणि समुद्र यांच्या चिंचोळ्या पट्टीत वसलेलं. वरच्या अंगाला क्रिस्तांवांची घरं आणि चर्च, खाली पुळणीला लागून हिंदू कोळ्यांचा वाडा. वरची माणसं घरात आपली वाडवडिलांची पोर्तुगीज वळणाची बोली बोलत आणि उंबऱ्याबाहेर पडली की मराठी. अपोलिनचा नवरा बोटीवर आचारी होता, तो परमुलखातच वारला. मुलगा मुंबईला गोदीत लागला आणि तिकडेच बिऱ्हाड करून राहिला. अपोलिनला उरलं चर्च. वेदीवरची फुलं, मूर्तींचे कपडे, मेणबत्त्या, सगळं तिच्या हातचं, आणि त्यात कोणी लुडबूड केलेली तिला खपत नसे.

सगळ्या मूर्तींमध्ये तिचा जीव होता संत फिलोमिनेवर. डाव्या हाताच्या लहान वेदीवर ती उभी असे, गुलाबी झग्यात, एका हातात झावळी आणि पायाशी होडीचा नांगर. बादशहाने लग्नाची मागणी घातली, ती नाही म्हणाली, म्हणून तिच्या गळ्यात नांगर बांधून तिला नदीत ढकललं. देवदूतांनी दोर कापला आणि पोरगी कोरडीच्या कोरडी काठावर आली. ही गोष्ट अपोलिनने कधीतरी खाली कोळीवाड्यात मासळी घेता घेता सांगितली. कोळणींना बादशहाशी काही घेणंदेणं नव्हतं. पाण्यात बुडवलेली पोर नांगरासकट वर आली, एवढं त्यांना पुरलं. तेव्हापासून नारळी पौर्णिमेला, समुद्राला नारळ वाहायच्या आधी, कोळणी वर चर्चमध्ये येऊ लागल्या. नव्या दोराचा तुकडा मूर्तीच्या पायाशी असलेल्या नांगराला लावायचा, पायरीवर एक नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं आणि तो दोर नेऊन होडीला बांधायचा. त्याशिवाय पावसाळ्यानंतरची पहिली होडी लोटायची नाही. जुने फादर हसून म्हणाले होते, येऊ देत, देवाच्या दारात कोणी चुकून येत नाही. आणि या सगळ्याचं श्रेय अपोलिनचं हे सगळा गाव मानत होता. अपोलिन तर मानतच होती.

एकसष्ट सालच्या पावसाळ्यात नवे फादर आले, तरुण आणि जरा अवघडलेले. एके दिवशी मिस्सेची प्रार्थना झाल्यावर त्यांनी अपोलिनला थांबवलं. रोमहून हुकूम आला आहे, ते म्हणाले. संत फिलोमिनेचा सण यापुढे पाळायचा नाही. तिची जी कथा सांगतात तिला पुरावा नाही. ती होऊन गेली की नाही हेही नक्की सांगता येत नाही.

"म्हणजे ती नव्हतीच?" अपोलिनने विचारलं.

"माहीत नाही, असं म्हणू या," फादर म्हणाले. "वेदीवरून मूर्ती उतरवावी लागेल. पण घाईने नको. आधी लोकांना नीट समजावून सांगा. विशेषतः खालच्या बायकांना. त्या माझं ऐकायच्या नाहीत, तुमचं ऐकतील."

अपोलिनने मान हलवली. पण घरी जाताना ती मनातल्या मनात शब्द जुळवू लागली. कोळीवाड्यात जाऊन सांगायचं काय? जी पोर मी तुम्हाला काठावर चालत आलेली दाखवली, तिचे ओले नसलेले केससुद्धा वर्णन करून सांगितले, ती बहुतेक नव्हतीच? मैना काय म्हणेल? मैना म्हणजे हिरामण तांडेलाची बायको, कोळीवाड्यातली सगळ्यांत मोठ्या तोंडाची बाई. ती म्हणेल, बाय, मग तुमी आमाला इतकी वर्सं काय पाजत होता? मुली हसतील. अपोलिनला आधीच, नुसत्या विचारानेच, कानापर्यंत गरम झालं.

मग तिला एक युक्ती सुचली, आणि अशा युक्त्या माणसाला नको तेव्हाच सुचतात. संत आग्नेसच्या हातातही झावळीच असते. फक्त तिच्या पायाशी नांगर नसतो, कोकरू असतं. नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यातलं कोकरू पेटीत पडलेलंच होतं, एक कान मेणाने चिकटवलेलं. तिने फादरांना विचारलं, हीच मूर्ती आग्नेसची करून ठेवली तर? फादर हसले, म्हणाले, "आग्नेस खरोखर होऊन गेली, तेव्हा माझी हरकत नाही. पण लोकांना सांगून करा, अपोलिनबाई. गुपचूप नको."

"सांगते ना," अपोलिन म्हणाली.

तिने गुपचूपच केलं. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, फादर दोन दिवसांसाठी अलिबागला गेलेले असताना, तिने चर्चचं दार लावून घेतलं आणि रंगूला स्टूल धरायला बोलावलं.

रंगू चर्चचं अंगण झाडायची. पेणकडच्या मिठागरांतली आगरी बाई. नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढली आणि फिरत फिरत इथे आली. घंटेच्या मनोऱ्याला जो जिना होता त्याच्या खालच्या कोनाड्यात ती झोपायची. एक गोधडी, एक टोप, एक देवीची तसबीर, एवढा तिचा संसार. दिवसा कोळीवाड्यात मासळी वाळत घालायला जाई आणि त्यावर तिचं पोट चाले. रविवारी गोष्टींच्या वेळी ती हमखास ओसरीच्या कोपऱ्यात झाडू घेऊन असे. तो कोपरा इतका वेळ झाडण्याइतका मळका कधीच नव्हता.

महिन्याभरापूर्वी अपोलिनने संत जर्मेनची गोष्ट सांगितली होती. जर्मेन फ्रान्समधली गरीब मेंढपाळ पोर. सावत्र आई तिला घरात घेईना, ती जिन्याखाली झोपायची. हे ऐकताच मुलींनी वळून रंगूकडे पाहिलं आणि एकमेकींना कोपरं मारली. रंगूला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट तिने झाडू खाली ठेवला आणि ती नीट बसली. एकदा भर थंडीत सावत्र आईने आळ घेतला की जर्मेन ओच्यात पाव चोरून नेते आहे. काठी घेऊन ती तिच्या मागे धावली, गाव जमलं. जर्मेन काही बोलली नाही. तिने ओचा सोडला, आणि त्यातून पडली फुलं, त्या देशात त्या दिवसांत कुठेच न फुलणारी फुलं. अपोलिनने स्वतःचा ओचा सोडून दाखवला तेव्हा एका मुलीने खाली वाकून पाहिलंसुद्धा.

मुली गेल्यावर रंगूने विचारलं होतं, "बाय, ती बोलली का न्हाय? मी चोरी न्हाय केली म्हनून?"

अपोलिनला चहाची तलफ आली होती. चपला घालता घालता ती म्हणाली, "निर्दोष माणसाला बोलावं लागत नाही, रंगू. त्याच्या वतीने देव बोलतो." वाक्य छान जमलं असं तिला वाटलं आणि ती घरी गेली.

तर त्या दिवशी रंगूने स्टूल धरलं. अपोलिनने गुलाबी झगा काढून पांढरा चढवला, पत्र्याचा सोनेरी नांगर सोडवून कापडात गुंडाळला आणि त्या जागी कोकरू बसवलं. कोकराचा मेणाचा कान जरा वाकडा होता. रंगू टकामका बघत होती.

"नांगर नेता व्हय, बाय?"

"माझ्या घरी ठेवते. तू कोणाला बोलू नकोस. मी सांगणार आहे सगळ्यांना."

"न्हाय बोलनार," रंगू म्हणाली. अपोलिनने नांगर घरी नेऊन तांदळाच्या डब्यात खोल खुपसला. मग ती कोळीवाड्याच्या दिशेने निघाली, अर्ध्या वाटेवर तिला आठवलं की उद्या सण, बायका कामात असतील, आणि ती परत फिरली. सणाच्या दिवशी सकाळी मूर्तीजवळ उभं राहूनच सांगू, असं तिने ठरवलं. तेवढ्यावर तिला शांत झोप लागली.

सकाळी कोळणी आल्या त्या हिरव्या-लाल लुगड्यांत, अंबाड्यात अबोलीचे वळेसर माळून, हसत-खिदळत. पायरीवर नारळ फुटला. मैना सगळ्यांत पुढे, हातात नव्या दोराचा तुकडा. या वर्षी हिरामणची होडी नवी होती, आणि तिचा थोरला मुलगा पहिल्यांदाच बापाबरोबर खोल पाण्यात जाणार होता. ती वेदीपाशी आली, वाकली, आणि दोर धरलेला तिचा हात कोकराशी येऊन थांबला.

"बाय," ती म्हणाली, "नांगर?"

अपोलिन शेजारीच उभी होती. सगळं बोलणं तिने तयार करून आणलं होतं: रोम, हुकूम, पुरावा, आग्नेस. तिने तोंड उघडलं. समोर तीस-एक बायकांचे चेहरे होते आणि सगळे तिच्याकडे विश्वासाने बघत होते, नेहमी बघत तसेच. ते चेहरे बदलताना तिला बघवले नसते.

"काल तर होता," अपोलिन म्हणाली.

हे वाक्य तिने ठरवून म्हटलं नाही. ते आपोआप आलं, जसं पडताना हात पुढे येतो. पण एकदा आल्यावर ते तिथेच राहिलं, आणि बाकीचं सगळं त्याच्याभोवती जमू लागलं. काल होता आणि आज नाही, म्हणजे कोणीतरी नेला. नेला म्हणजे चोरला. सणाच्या तोंडावर नांगर चोरला म्हणजे होड्यांवर संकट. एक म्हातारी रडायला लागली. कोणीतरी म्हणालं, काल दुपारी भंगारवाला आला होता. कोणीतरी म्हणालं, चर्चमध्ये रात्री असतं कोण?

रंगू दारात झाडू घेऊन उभी होती. सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"रंगू, नांगर कुटं हाय?" मैनाने विचारलं.

रंगूने अपोलिनकडे पाहिलं. एकदाच. त्या बघण्यात तक्रार नव्हती, विचारणंसुद्धा नव्हतं. अपोलिनने नजर खाली घातली आणि वेदीचं कापड सारखं करू लागली. कापड सारखंच होतं.

"बोल ना ग, वाचा गेली काय?"

रंगू बोलली नाही. मैनाने तिचा दंड धरून तिला पायऱ्यांवर आणलं. दोघींनी जिन्याखालून तिची गोधडी ओढून काढली, झटकली, टोप उपडा केला, तसबीर भिंतीला टेकवून ठेवली. काही मिळालं नाही. "अंगावर असंल," मागून एकजण म्हणाली. "पदरात बघा."

रंगूच्या पदराची गाठ खरोखरच फुगलेली होती. आणि तेव्हा रंगूचा चेहरा बदलला. भीती गेली. ती पायरीवर ताठ उभी राहिली, मैनाचा हात हळूच बाजूला केला, आणि अपोलिनला दिसलं की ती हसते आहे, एखादी चांगली बातमी माहीत असलेल्या माणसासारखी. अपोलिनला क्षणात कळलं ही काय करते आहे. त्या सगळ्या बायकांत ते फक्त तिलाच कळलं. तिला ओरडावंसं वाटलं की नको, रंगू, नको. पण ओरडायला तिच्यात काही उरलं नव्हतं.

रंगूने पदराची गाठ सोडली आणि दोन्ही हातांनी पदर पुढे पसरून धरला. मग पदर सोडला.

पायरीवर खोबरं पडलं. नारळ फोडताना उडालेले चार-सहा तुकडे तिने झाडता झाडता उचलून संध्याकाळसाठी बांधून ठेवले होते. प्रसादाचं खोबरं, अजून वाटलंही नव्हतं.

रंगू खाली त्या तुकड्यांकडे बघत राहिली. तिने पदर पुन्हा झटकला. आणखी एकदा झटकला. मग तिने मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते अपोलिनला पुढे आयुष्यभर डोळे मिटले की दिसणार होतं. ती गोंधळली होती. आपल्या हातून काहीतरी राहून गेलं, अशी.

"बघा," कोणीतरी म्हणालं, "परसादसुदा सोडला न्हाय." मग कोणी काही ऐकून घेतलं नाही. रंगूची गोधडी अंगणाबाहेर गेली, टोप घरंगळत वडाच्या झाडापाशी गेला. मैनाने तिला ढकललं तेव्हा ती पडली, उठली, सामान गोळा करून चालू लागली. उद्यापासून कोळीवाड्यात पाऊल टाकायचं नाही, असं तिला बजावण्यात आलं. अपोलिन वेदीपाशीच उभी होती. तिथून दार काही दूर नव्हतं.

तो दिवस अपोलिनने घरात काढला. खाली समुद्रावर वाजंत्री वाजली, नारळ वाहिला गेला, पण होडी कोणी लोटली नाही. तिने रोझरी हातात घेतली आणि प्रत्येक मण्यावर तिला एकेक बाई आठवत गेली. कॅथरिन. लुसी. आगाथा. त्यांच्यासमोर तलवारी होत्या, जळते निखारे होते. तिच्यासमोर काय होतं? रोज जिच्याकडून बोंबील घ्यायचे ती मैना. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की आरशासमोरून जाताना तिने तोंड वळवलं. भात करायला तांदळाचा डबा उघडायचा होता. तो तिने उघडला नाही, तशीच उपाशी राहिली, आणि हा काही उपास नाही हे तिला पुरतं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. तिने पहाटेच नांगर काढला, फादरांना गाठून सगळं सांगितलं आणि मिस्सेनंतर नांगर उघडा हातात घेऊन भर उन्हात कोळीवाड्यात गेली. वाटेत तिने मनाची पुरती तयारी केली होती. मारतील. थुंकतील. मासळीचं पाणी अंगावर टाकतील. टाकू देत. खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं.

मैनाच्या अंगणात बायका जमल्या. अपोलिनने सगळं सांगितलं, काही न वगळता: रोमचा हुकूम, कोकरू, तांदळाचा डबा, आणि काल होता हे आपण खोटं बोललो ते. रंगूने स्टूल धरलं होतं आणि तिला गप्प राहायला आपणच सांगितलं होतं, हेही सांगितलं. बोलून झाल्यावर ती मान खाली घालून उभी राहिली.

मैनाने तिच्या हातातून नांगर घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाली, "गावला बाय. गावला म्हंजी झालं."

"मैना, मी खोटं बोलले. आणि ती संत..."

"रोमला काय ठाव? रोमला समुद्र हाय का?" मैना हसली. बाकीच्याही हसल्या. "तुमची लाज आमाला समजते, बाय. येवडी मोठी बाई, आन् आमच्या दारात येऊन सांगितलंत. दुसरी कोन आली असती?" म्हातारीने अपोलिनच्या गालावरून हात फिरवला. नव्या दोराचे तुकडे भराभर आले, नांगराला लागले, होडीकडे गेले. आणि मैनाने आत जाऊन कालचा नारळीभात केळीच्या पानात बांधून आणला आणि अपोलिनच्या हातात ठेवला.

"आणि रंगू?" अपोलिनने विचारलं.

"तिचं काय?"

"तिने चोरी केली नव्हती. तिला परत बोलवायला हवं."

मैनाने खांदे उडवले. "खोबरं तर तिच्या पदरात व्हतंच ना, बाय."

आणि त्या विषयावर तेवढंच बोलणं झालं. परत वर येताना अपोलिनला फादर भेटले. ते म्हणाले, पुढच्या रविवारी प्रवचनात मी तुमचं उदाहरण देणार आहे, अशी नम्रता आपल्या संत स्त्रियांचीच शिकवण. अपोलिनने नको म्हटलं. ते त्यांना आणखी नम्रपणाचं वाटलं.

रंगू खाडीच्या धक्क्यावर सापडली. पलीकडे रेवदंड्याला जाणारी तरीची होडी यायची होती. गोधडीचं गाठोडं मांडीवर, टोप शेजारी. अपोलिन धापा टाकत तिच्यापाशी जाऊन बसली. 

"मी सांगितलं सगळ्यांना," अपोलिन म्हणाली. "सगळं खरं सांगितलं, रंगू."

"आयकलं. मगाशी इथं बोलत व्हती मान्सं." रंगूने तिच्याकडे वळून नीट पाहिलं. "मारली का तुमाला?"

"नाही."

"शिव्या घातल्या?"

"नाही." अपोलिनने हातातल्या पुडीकडे पाहिलं. ती कुठे ठेवावी हे तिला कळेना. "नारळीभात दिला."

रंगूने मान डोलावली. यात तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "मी काल लय इचार केला," ती म्हणाली. "मना वाटलं, फुलं न्हाय पडली ती मी हिंदू म्हनून आसंल. न्हाय तर मी खोबरं उचललं व्हतं म्हनून. त्या पोरीनं काय उचललं नसंल."

"तुझं काही चुकलं नाही, रंगू. चुकलं माझं. ती गोष्ट मी तुला तशी सांगायला नको होती." अपोलिनने तिच्या गाठोड्यावर हात ठेवला. "तू जाऊ नकोस. माझ्याकडे चल राहायला. तिथे जिन्याखाली नको आता. माझ्या घरात मागची खोली आहे, मुलाची. खाट आहे, खिडकी आहे. नुसती बंद पडून आहे ती. चल."

तरीची होडी काठाला लागत होती. तरीवाल्याने दोर फेकला. रंगू उठली, गाठोडं काखेला मारलं, टोप उचलला, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी थांबली.

"ती खोली कवापास्नं रिकामी हाय, बाय?"

तिने ते रागाने विचारलं नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. अपोलिनला या वेळी खोटं सुचलंही नाही.

"तू गावात आलीस," ती म्हणाली, "त्याच्या आधीपासून."

रंगूने "बरं" म्हटलं आणि ती लुगडं जरा वर धरून पाण्यात उतरली आणि तरीत जाऊन बसली.